सहावा पाय

नामदेव शेठचा फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या पांढऱ्या बशीत ओहोळातले किडे मरायला लागले होते.

बशीतलं पाणी त्या किड्यांच्याच ओहोळाचं होतं. स्वच्छ होतं, गार होतं. तरी दगडाच्या कपचीला घट्ट धरून बसायचं सोडून एकेक जण कुशीवर कलंडत होता. शेजारी दुसरी बशी होती. तिच्यातही मी तेच पाणी घातलं होतं, पण किडे तळ्यातले होते आणि ते मजेत होते. फोनवर शेठ विचारत होते, मॅडम, रिपोर्ट कवा भेटंल? मी म्हटलं, सोमवारी. फोन ठेवला आणि परत बशांकडे बघितलं. त्या रिपोर्टावर मी सही करणार होते की या दोन्ही बशांमधले किडे एकाच प्रजातीचे आहेत.

मी गोड्या पाण्यातल्या किड्यांची तज्ज्ञ आहे. लग्नकार्यात हे सांगितलं की समोरचा माणूस लगेच त्याच्या सोसायटीतल्या डासांची तक्रार सुरू करतो. डास माझ्याकडे नाहीत. माझ्याकडे मेफ्लाय असतात. यांना मराठीत सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव नाही, कारण ते कुणाला चावत नाहीत आणि कुणाचं पीक खात नाहीत. यांची पिल्लं कित्येक महिने पाण्याखाली दगडांवरचं शेवाळ खरवडून जगतात. मग पंख फुटतात, ती बाहेर येतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. पंखवाल्याला खाण्याजोगं तोंडसुद्धा नसतं. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. पण पिल्लं ज्या पाण्यात राहतात त्या पाण्याची तब्येत त्यांच्यावरून कळते, म्हणून आमच्यासारख्यांची पोटं त्यांच्यावर चालतात.

आमची लॅब जुन्या पनवेलमध्ये एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. लॅब वर्तक सरांची. सर कॉलेजात झूऑलॉजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी ही लॅब काढली आणि मला, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीला, नोकरीला बोलावलं. सर विद्वान आहेत, प्रेमळ आहेत आणि कमालीचे काटकसरी आहेत. पाठकोऱ्या कागदांवर लिहितात. एसी मायक्रोस्कोपसाठी लावतात, माणसांसाठी नाही. किडे ज्यात बुडवून ठेवायचे ते शुद्ध अल्कोहोल तर कपाटात कुलपाआड असतं. ते मिळवायला एक्साइजच्या ऑफिसात परवान्यासाठी खेटे घालावे लागतात, आणि तिथे दर वेळी कुणीतरी हसून विचारतं, नक्की किड्यांसाठीच ना?

माझा स्वभाव शंकेखोर. गॅस बंद केला का हे बघायला मी पनवेल स्टँडवरून घरी परत गेलेली आहे, आणि तो दर वेळी बंदच निघालेला आहे. सर त्यावरून मला चिडवतात. घरचेही चिडवतात.

काम असं होतं. नामदेव शेठ पळस्प्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला गोडाऊनं बांधत होते. माणूस इथलाच. वडिलांची भातशेती, आजोबांचं जासईकडे मिठागर. आता कंटेनरवाल्यांना गोडाऊनं भाड्याने देतात. त्यांच्या जागेच्या मधून एक ओहोळ जातो. वर झरा असल्यामुळे तो भर उन्हाळ्यातही आटत नाही. शेठना तो पाइपांत घालून वरून ट्रकचा रस्ता काढायचा होता. बदल्यात कडेचं गावतळं मोठं करून द्यायची त्यांची तयारी होती. परवानगी देणाऱ्या कमिटीने एकच प्रश्न टाकला: ओहोळात जे जगतं ते तळ्यात जगेल का? उत्तर आमच्या रिपोर्टातून जाणार होतं. हो म्हटलं की ओहोळ पाइपात.

मेफ्लायची पिल्लं दोन्हीकडे सापडली, आणि दिसायला सारखी. भिंगाखाली बघितलं तर ओहोळातली जरा चपटी, तळ्यातली जरा गोल अंगाची. पण या फरकाचा अर्थ काय? या दोन वेगळ्या प्रजाती, की एकाच प्रजातीची पोरं दोन घरांत वाढल्यामुळे पडलेला फरक? किड्यांमध्ये दोन्ही होतं. नुसत्या डोळ्यांनी सांगणं धोक्याचं. म्हणून डीएनए.

दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर काळ्या रेघांचा बारकोड असतो, तसा किड्याच्या डीएनएचाही एक छोटा तुकडा असतो. तो वाचला की प्रजाती ओळखता येते, निदान कोण कुणाच्या जवळचा हे तरी कळतं. त्यासाठी किड्याचा एक पाय पुरतो. पाय चिमट्याने मोडायचा आणि डीएनए वाचणाऱ्या मोठ्या लॅबला पाठवायचा. उरलेलं धड स्वतंत्र छोट्या बाटलीत लेबल लावून जपायचं. त्याला आम्ही व्हाउचर म्हणतो. उद्या कुणी विचारलं, कोणाचा डीएनए वाचलात, तर ती बाटली पुढे करायची. पाय मात्र तपासणीत विरघळून जातो. तो परत येत नाही.

हे पाय मोडायचं काम सर स्वतः करतात. हात अजून स्थिर आहे याचा त्यांना अभिमान आहे. तळ्यातल्या किड्यांचे पाय गेले, ओहोळातल्या तीन किड्यांचे गेले. तळ्याचे सगळे वाचले गेले. ओहोळाच्या तिघांपैकी दोघांचे वाचताच आले नाहीत. असं होतं, त्यात विशेष काही नाही. तिसरा स्वच्छ वाचला गेला आणि तळ्यातल्या किड्यांशी तंतोतंत जुळला.

सर खूश झाले. एकच प्रजाती वाहत्या आणि साचलेल्या, दोन्ही पाण्यांत इतकी जुळवून घेते, हा छापण्यासारखा शोध होता. आनंदाच्या भरात त्यांनी शेठना फोन करून सांगूनही टाकलं, दोन्ही एकच आहेत. शेठनी लगेच पाइप मागवले.

आणि आता माझ्या बशीत ओहोळातले किडे कलंडत होते. रिपोर्टासाठी जिवंत पिल्लांचे फोटो हवे होते, म्हणून मी ती आणली होती. तळ्यातल्या पिल्लाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असतात आणि ते सारखे हलत असतात. पाणी थांबलेलं असलं तरी ते स्वतःपुरता प्रवाह तयार करतं, हातपंखा घेऊन बसल्यासारखं. ओहोळातल्याचे कल्ले हलतच नव्हते. त्याला कधी गरज पडलेली नसते, कारण पाणीच त्याच्या अंगावरून वाहत जातं. खिडकीशी वाऱ्याची वाट बघत बसलेला माणूस म्हणा. वारा पडला की जीव घाबरा. मी घाईघाईने मत्स्यटाकीतली हवेची नळी काढून बशीत सोडली. पाणी खळखळायला लागलं आणि थोड्या वेळाने कलंडलेले किडे परत कपचीवर चढून बसले.

अंग चपटं होणं मी समजू शकत होते. पण जीव जायची वेळ आली तरी पंखा हलवायचा नाही? हे काही माझ्या गळी उतरेना. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "अगं, वाढीचा परिणाम. तुझी मावसबहीण महाबळेश्वरला राहते ना? पनवेलला आली की घामाघूम होते, तिला धाप लागते. म्हणून ती वेगळ्या प्रजातीची झाली का?"

"सर, तिला धाप लागते. ती मरत नाही."

"डीएनए वाचलाय ना आपण? मग झालं तर."

घरी आले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. सही माझी असणार होती. शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ प्रश्न विचारला होता आणि सरळ उत्तराची वाट बघत होता. आम्ही चुकलो असलो तर एक वाहता ओहोळ माझ्या सहीने बंद होणार होता, आणि त्यातले किडे तळ्यात गुदमरून मरणार होते. तेही कुणाला न कळता, कारण तळ्यातले किडे तिथे मजेत दिसत राहणार. मेलं कोण हे शोधायलाही कुणी येणार नव्हतं. आणि आम्ही बरोबर असलो तर मी उगाच सरांचा पाणउतारा करून हातचं काम घालवणार होते. भाजीत मीठ दोनदा पडलं.

दुसऱ्या दिवशी व्हाउचरचे फोटो काढायला बसले. ज्याचा डीएनए वाचला गेला त्या तिसऱ्या किड्याची बाटली उघडली, त्याला बशीत पालथा घातला, मायक्रोस्कोप लावला. फोटोखाली लिहावं लागतं, कुठला पाय काढला आहे ते. म्हणून पाय मोजले. सहा.

माझं पहिलं मत असं झालं की मला मोजता येत नाही. चष्मा पुसला. परत मोजले. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. किडा सुलटा केला, परत मोजले. ज्याचा पाय आम्ही तपासला होता त्याचे सहाही पाय जागेवर होते. मग ज्यांचा डीएनए वाचता आला नव्हता त्या दोघांच्या बाटल्या उघडल्या. दोघांनाही पाच-पाच पाय.

सर बाहेरच्या टेबलावर चहा पीत होते. मी विचारलं, "सर, तिसऱ्याचा कुठला पाय काढला होता?"

"उजवा मागचा."

"तो आहे."

सर उठले, आत आले आणि भिंगाला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांना आठवलं. तिसऱ्याचा पाय मोडावाच लागला नव्हता. ओहोळाच्या मोठ्या बाटलीच्या तळाशी एक सुटा पाय पडलेला होता. मेफ्लायचे पाय असतातच नाजूक, अल्कोहोलमध्ये गेले की धक्क्याने गळतात. सरांनी तोच उचलला आणि त्याला तिसऱ्याचा नंबर दिला. म्हणाले, "आयता असताना चांगल्या धडाचा कशाला मोडायचा?"

मी ओहोळाची मोठी बाटली आणली आणि तिच्यात उरलेले सगळे किडे बशीत ओतले. एकाचाही पाय कमी नव्हता. मग तळ्याची मोठी बाटली ओतली. तिच्यातल्या किड्यांना आम्ही हातही लावलेला नव्हता, तरी एक लंगडा निघाला.

आता पुढचा प्रश्न विचारायची मला भीती वाटत होती. किडे बुडवले की त्यांच्या अंगातलं पाणी सुटून अल्कोहोल पातळ होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलायचं असतं. विचारलं, "सर, ओहोळाच्या बाटलीत बदलून कुठलं अल्कोहोल घातलंत?"

खाली दातांच्या डॉक्टरांचं मशीन घुं घुं करत होतं.

"तळ्याच्या बाटलीतलं," ते शेवटी म्हणाले. "तळ्याला नवं घातलं, तेवढ्यात ते संपत आलं. काढलेलं चांगलं नितळ होतं, ते ओहोळाला घातलं. पुन्हा एक्साइजच्या पायऱ्या कोण चढणार म्हणून." मग खुर्चीत बसत म्हणाले, "म्हणजे त्याच्याबरोबर तळ्यातला पाय आला, आणि आपण तळ्यातल्या किड्याची तुलना तळ्यातल्याच किड्याशी केली."

मला सरांचा राग आला आणि लगेच वाईटही वाटलं. आयुष्यभर काहीही वाया घालवलं नाही, हीच या माणसाची चूक. मी म्हटलं, अजून नक्की कुठे आहे सर, पाय तर विरघळून गेलाय. नव्याने तपासू. सरांनी चिमटा उचलला, बशीवर नेला आणि परत खाली ठेवला.

"या वेळी तू मोड," ते म्हणाले.

मी मोडला. या वेळी जास्त किड्यांचे मोडले, प्रत्येकाच्या धडावरूनच, आणि आधीच्याचा अंश राहू नये म्हणून चिमटा दर वेळी ज्योतीवर धरून. शेठना फोन सरांनी केला. आधी सांगितलेलं धरू नका, नवी तपासणी पाठवलीय, सोमवारी रिपोर्ट नाही. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, पण सर नुसतं बरोबर आहे, बरोबर आहे म्हणत होते. मग सरांकडून कळलं की पाइप साइटवर उतरले होते. जेसीबी उभा होता. शेठ म्हणाले, तुमचा रिपोर्ट नसेल तर दुसऱ्या कुणाचा आणतो. आणि तो मिळाला असता. पनवेलमध्ये रिपोर्ट देणारे काही कमी नाहीत.

मग वाट बघणं आलं. ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. माझी भीती दुहेरी होती. निकाल येईपर्यंत ओहोळ खणला जाईल ही एक. आणि निकाल पहिल्यासारखाच येईल ही दुसरी. कारण सुटा पाय चुकीचा होता म्हणून उत्तरही चुकीचंच असेल असं नाही. चुकून बरोबर उत्तर येतंच की. तसं झालं तर सरांना त्यांच्याच लॅबमध्ये खाली बघायला लावल्याचं पाप मी कुठे फेडणार होते? सर लॅबमध्ये येत होते, पण कुठल्याच बाटलीला हात लावत नव्हते. मला ते बघवत नव्हतं.

एका सकाळी राहवेना म्हणून पळस्प्याला जाऊन आले. फाट्यावर उतरून आत चालत गेले. पाइप ओळीने मांडलेले होते, जेसीबीच्या सावलीत ड्रायव्हर जेवत होता. ओहोळ वाहत होता. तेवढं बघून परत फाट्यावर आले आणि एसटीची वाट बघत उभी राहिले, तर मोबाइलवर मेल आला.

मेलमध्ये एक आकृती होती. आम्ही तिला झाड म्हणतो. ज्यांचे डीएनए जवळचे ते एका फांदीवर, लांबचे ते लांबच्या फांदीवर. कंटेनर धडधडत जात होते, उन्हात स्क्रीन दिसत नव्हता, मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून बघितलं. तळ्यातले सगळे एका फांदीवर होते. ओहोळातले सगळे दुसऱ्या. दोन्ही फांद्या एकाच ठिकाणी फुटत होत्या, म्हणजे नातं बहिणींचं. पण ताटातूट कधीच झालेली. एकीने साचलेल्या पाण्यात राहायची विद्या मिळवलेली, दुसरीला ती येत नाही. आणि ओहोळातलीच्या बारकोडला जुळणारं नाव कुठल्याही संग्रहात मिळालं नव्हतं. अशा वेळी प्रजाती नवी असते किंवा तिला आजवर कुणी तपासलेलं नसतं. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं. तरी मी फाट्यावर उभ्या उभ्या रडले. एका आजीने विचारलं, काय झालं गं बाय? मी म्हटलं, काही नाही, काम झालं.

सर म्हणाले, हे फोनवर सांगायचं नाही. आम्ही दोघं साइटवर गेलो. शेठ ओहोळाच्या काठी खुर्ची टाकून बसले होते. सरांनी खुर्ची नाकारली, उभ्यानेच सगळं सांगितलं. सुटा पाय, अल्कोहोल, सगळं. मॅडमची यात काही चूक नाही हेही सांगितलं.

शेठ म्हणाले, "सर, येका किड्याच्या तंगडीवर आमी येवढे पाइप मागवलं?"

"हो," सर म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून."

"आनि आता मॅडम बोलतात हे तळ्यात जगनार नाय."

मी त्यांना बशीतली गोष्ट सांगितली. कलंडलेले किडे, हवेची नळी, परत चढून बसणं. शेठचा चेहरा एकदम खुलला. मंग सोप्पं हाय, ते म्हणाले, तळ्यात मोठा पंप लावून देतो. पानी रातदिवस खळखळत ठेवतो. बिल मी भरीन.

मी विचारलं, "शेठ, लाइट गेली तर?"

उन्हाळ्यात या भागात लाइट किती जाते ते त्यांच्या गोडाऊनवाल्यांकडून ते रोज ऐकत होते. त्यांनी ओहोळाकडे बघितलं. दगडांवरून पाणी पडत होतं, कुठल्याही लाइटीशिवाय.

"आमच्या आज्याच्या टायमापासून हे चालू हाय," ते म्हणाले. "पन पाइप मी डोक्यावर नाय घेनार, मॅडम."

तोड निघाली ती अशी. झऱ्यापासून रस्त्यापर्यंतचा वरचा ओहोळ उघडा ठेवायचा. रस्त्यासाठी पाइप न घालता वरून स्लॅबचा पूल टाकायचा, खालचे दगड जसेच्या तसे. रस्त्यापलीकडचा, उताराकडचा ओहोळ मात्र पाइपात गेला. मागवलेले पाइप तिथे लागले. रिपोर्टावर मी सही केली ती वरच्या अंगासाठी. खालच्या अंगाबद्दल मी लिहिलं की तिथले किडे जातील. कमिटीने ते वाचलं आणि मान्य केलं. अर्धा ओहोळ वाचला असं सर म्हणतात. अर्धा गेला असं मी म्हणते. शेठच्या पुढच्या गोडाऊनचं काम आम्हाला मिळालं नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही.

पूल झाल्यावर मी एकदा जाऊन वरचे दगड उलटून बघितले. चपटी पिल्लं कल्ले न हलवता बसलेली होती. त्यांचं नाव अजून ठरलेलं नाही.

सर आता अल्कोहोलसाठी स्वतः एक्साइजच्या पायऱ्या चढतात आणि दर वेळी ताजंच वापरतात. लॅबमध्ये कुठलाही निकाल आला, कितीही छान असला, तरी तो वाचायच्या आधी माझ्याकडे बघून विचारतात, "पाय मोजलेस?" मी मोजलेले असतात. तरी जाऊन एकदा परत मोजते.

गॅसचं अजून तसंच आहे. स्टँडवरून परत जाते आणि तो बंदच निघतो. आता मात्र घरी कुणी चिडवलं तर मला लाज वाटत नाही.